पोतनीसबाईंचा सूर

रविवारची दुपार. पाच वाजता मुलं येतील, म्हणून पोतनीसबाई वर्गाच्या सतरंजीवरच जरा आडव्या होतात. हातात मोबाइल आहे आणि त्यात पालकांसाठी लिहून ठेवलेला निरोप: पुढच्या महिन्यापासून गाण्याचा वर्ग बंद. फक्त पाठवायचा बाकी आहे. सोळा वर्षं तोच भूप, तेच अलंकार. आताशा मुलांनी सा लावला की बाईंच्या कपाळात कळ येते, आणि त्याची त्यांना लाजही वाटते. डोळे जड होतात.

सतरंजी लांबच लांब होत जाते. तिच्या दुसऱ्या टोकाला हर्डीकर मास्तर बसलेत, बाईंचे गुरुजी. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली हे बाईंना ठाऊक आहे, पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही.

"ये, नीला. फॉर्म भरलायस ना?"

म्हणजे हे परीक्षा केंद्र आहे. शाळेचा व्हरांडा, आणि बाईंच्या पदराला नंबराची चिठ्ठी टाचलेली.

"षड्ज लाव."

बाई तोंड उघडतात. आतून चाळीस पोरांचा कल्ला बाहेर पडतो, पेटीच्या काळी पाच पट्टीत.

"हा मुलांचा सूर झाला. तुझा कोणता?"

बाई आठवू पाहतात. मुलांना झेपावं म्हणून रोज पेटी काळी पाचलाच धरली, आणि एकटीनं गाणं कधी सुटलं ते कळलंही नाही.

"आठवत नाही, मास्तर."

मास्तर रागवत नाहीत, याचीच बाईंना भीती वाटते. व्हरांड्यात फिनेलचा वास येतोय. मास्तर दवाखान्याच्या खाटेवर आहेत, शेवटी होते तसेच, नाकात नळी.

"मीही असाच रिकामा झालो. लोक म्हणायचे, काय जीव तोडून शिकवतात. मरायच्या सात वर्षं आधीच गाणं गेलं होतं माझं. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"आलं होतं," बाई म्हणतात. "आम्ही बोललो नाही."

हे त्या आजवर कुणापाशी बोललेल्या नाहीत. त्यांना रडू फुटतं.

"मग वर्ग बंद करू, मास्तर?"

"वर्गाचं मागाहून बघ. मुलं यायच्या आधी अर्धा तास स्वतःसाठी बसायचीस, ते का सोडलंस?"

"वेळ कुठे असतो?"

"मीही हेच म्हणायचो."

खाटेवर तंबोरा आहे. मास्तर बाईंचं बोट तारेवर दाबून धरतात. दुखतं, तरी ते सोडत नाहीत.

"बाई, दार उघडा ना."

पाच वाजलेत. बाई उठून बसतात. मधल्या बोटाच्या पेरावर तारेची लाल, खोल रेघ उमटली आहे. तंबोरा तर त्यांनी केव्हाच शाळेला देऊन टाकलाय. घरात तार म्हणून नाही.

बाई दाराशी जातात, कडीला हात लावतात आणि तशाच थांबतात.

"अर्धा तास पायरीवर बसा रे," त्या आतूनच सांगतात.

निरोप पाठवायचा की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्या पेटी ओढतात आणि काळी पाच सोडून एकेक पट्टी चाचपत खाली येतात. पांढरी पाचवर आवाज चिरकतो, पण तो त्यांचा आहे. बोट अजून ठणकतंय.