दोन वर्षांत न बसलेलं शिक्षण

भूपाल मास्तर गेल्याचं सांगाय त्येंचा मेव्हणा दुकानात आला, तवा माज्या तोंडात टाचण्या हुत्या. एका पावण्याला उभा करून त्येच्या पँटीची खालची पट्टी मी टाचत हुतो. मेव्हणा म्हणला, "मास्तर गेले," आणि मी नुसतं "हं" केलं. त्यो बिचारा तसाच उभा. टाचण्या काडून बोलावं एवढं बी सुचलं न्हाय मला... असला मी माणूस. आता महिना होऊन गेला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी म्हणलं, दस्तगीर, मास्तरांवर चार ओळी द्या. माजी शाळा दुसरीपातूर, त्यात पहिली दोनदा. म्हणून मी बोलतोय आणि माजी लेक लिहून घेतीया.

मास्तर मूळचे कोडोलीचे, घरची शेती. हितं शाहूपुरीत एका शाळेत गणित शिकवायचे आणि माज्या दुकानाच्या वरच्या खोलीत बायको आणि दोन पोरींसंगं राहायचे. पस्तिशी उलटल्यावर त्येंनी काडलं की पुण्याला जाऊन कम्प्युटरचं एम. एस्सी. करायचं. तवा कम्प्युटर कशाशी खात्यात ते आमच्या गल्लीत कुणाला ठावं? मला वाटलं, टीव्ही-रेडिओच्या जातीतलं काय तरी असंल. मी म्हणलं, "मग आमचा रेडिओ बगा की जरा." त्येंनी निमूट बगितला. दुरुस्त बी केला.

शाळेनं दोन वर्षं बिनपगारी रजा द्यायचं कबूल केलतं. पर त्याच्यावर एक दिवस झाला तर जागा जाणार. आणि कुठल्या सहामाहीत कुठला विषय करणार, ते सगळं कागदावर मांडून शाळेच्या कमिटीला दावायचं. मास्तर गणितवाले, त्येंना मूळ विषयांच्या आदी काय जादा विषय बी काडायचे हुते. ते सगळं चार सहामाहीत कोंबायचं. खोलीत जागा न्हाय, म्हणून रोज सकाळी माज्या कापायच्या टेबलावर बसायचे. माजाच खाकी कागद घ्यायचे, त्यावर चौकोन आखायचे, एका चौकोनातनं दुसऱ्यात बाण. ह्यो विषय झाल्याबिगार त्यो घेता येत न्हाय, असं म्हणायचे. मी म्हणलं, "आमच्यात बी खांदा जोडल्याबिगार कॉलर लागत न्हाय." मास्तर म्हणले, "बरोबर बोललास, दस्तगीर." झालं! मी गल्लीभर सांगत सुटलो की कम्प्युटरचं शिक्षण मी लावून दिलं. त्येंनी ते चौकोन आठ दिस आदीच लावलेते, हे मला मागनं कळलं.

कमिटी ज्या दिवशी हुती, त्या सकाळी मी एका नवरदेवाच्या सफारीच्या घाईत. टेबलावर खाकी कागद पडल्याला, वरची बाजू कोरी. मापाच्या नमुन्याला त्यावरच पाठ आखली, बाही आखली, कात्री चालवली. एक उरल्याला तुकडा इस्त्रीचा कोळसा पेटवाय लावला. मग बाही उलटी झाली तर खाली बाण! मास्तरांचं दुसरं वर्ष माज्या हातात बाही हून आलतं.

मास्तर इस्त्रीची कापडं घालून खाली आले. मी म्हणलं, "मास्तर, शेळी शिरली हुती दुकानात. कागद खाल्ला."

त्येंनी बाही उचलली, काखेच्या गोलावरनं बोट फिरवलं. "शेळीचा हात बसलाय की रं. आणि मधल्या घडीची खूण बी तिनंच केली व्हय?"

मी कात्री टेबलाखाली सारली.

"सुई-दोरा काड," म्हणले.

आमी दोगांनी कागदाला कच्चं टाकं घालून जोडलं. सगळं बसलं, खालचा एक कोपरा मात्र इस्त्रीत जळून गेलता. मास्तर त्या भोकाकडं बगत बसले. मी म्हणलं, "आटवून परत लिवा की. तुमास्नी पाठ असंल."

"पाठ हाय," ते म्हणले. "तीन अवघड विषय आणि प्रोजेक्ट, सगळं शेवटच्या सहामाहीत. होत नसतंय तेवढं, दस्तगीर. कमिटीला दिसाय बरं म्हणून मी कोंबलंतं."

"मग आता?"

"आता परत कोंबाय हात होईना."

तसाच टाके घातलेला कागद घिऊन गेले, आणि कमिटीम्होरं खरं ते बोलले : दोन वर्षांत बसत न्हाय, अडीच द्या. कमिटीनं न्हाय म्हणून सांगितलं. मास्तरांनी राजीनामा दिला आणि पुण्याला गेले. बायको-पोरी कोडोलीला. अडीच वर्षांनी पास हून आले, सगळी परत वरच्या खोलीत आली, आणि मग आठ महिने मास्तर नोकरीबिगार घरात. ते आठ महिने वैनी माज्या दुकानावरनं जाताना हसून "काय दस्तगीरभाऊ" म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून नसल्यालं बटन शिवायचो. माज्या कात्रीनं एका चांगल्या माणसाची नोकरी कापली, हे मला पक्कं झालतं. पुढं एका कॉलेजात त्येंना कम्प्युटर शिकवायला घेतलं, तरी ते डोस्क्यातनं जाईना. सगळ्या गल्लीला हसवणारा मी, हे एक कुणाला सांगितलं न्हाय.

गेल्या साली त्येंना कावीळ झाली, ती परत परत उलटली. शेवटचं दुकानात आले तवा अंगात शर्ट नुसता लोंबत हुता. मी माप घेताना पाठीमागं उभा हुतो, तोंड दिसत न्हवतं, म्हणून धीर करून इचारलं, "मास्तर, त्यो कागद धड असता तर नोकरी राहिली असती न्हवं?"

"राहिली असती," मास्तर म्हणले. "दोन वर्षं. मग अर्धवट सोडून परत आलो असतो, न्हाईतर शाळेनं काडलं असतं." मग मान मागं वळवून, "एवढी वर्षं हेच घिऊन बसलास व्हय? येडा का काय तू... छाती सैल ठेव जरा, परत भरंल अंग."

मी म्हणलं, शुक्रवारी न्ह्या. आमचा शुक्रवार म्हंजे म्होरल्या महिन्यातला, हे सगळ्या शाहूपुरीला ठावं हाय. मास्तर बी हसले. पर त्यो शर्ट मी शुक्रवारी सकाळीच तयार करून, इस्त्री मारून ठेवला. सबंद धंद्यात पहिल्यांदा. मेव्हणा आला, त्यो त्याच दुपारी.

शर्ट अजून दांडीवर हाय, छाती सैल ठेवून.