न चाखलेली वाटी

१९९० साली, एकोणिसाव्या रोज्याला, जळगावात आमच्या घरमालकीणबाईंच्या इफ्तारची उसळ खारट झाली. त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला धुळ्याचे लोक आले होते.

आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली खाला म्हणायची. रोजा असताना स्वयंपाक चाखता येत नाही, म्हणून रमजानभर पाचच्या सुमारास त्या आमच्या दारात वाटी घेऊन यायच्या.

"भाभी, जरा नमक बघा."

पत्नी वाटी आत नेई, मोरीत ओती आणि बाहेर येऊन "बरोबर आहे" म्हणे. उसळ हरभऱ्याचीच असे. पण आम्ही शाकाहारी, शंका वाढायच्या डावाची होती. तोच डाव मटणातही फिरत असणार. मलाही तसंच वाटे. एकदा मी आडून विचारलं.

"भाऊ," खाला हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी पिताना मी कधी विचारलं, हंडा कशाने घासला?"

हे उत्तर नव्हे, असं मी धरून चाललो.

एकोणिसाव्या रोज्याला पत्नी माहेरी चोपड्याला होती. वाटी मी घेतली, मोरीत ओतली आणि "बरोबर आहे" म्हणालो. उसळीत खालांनी मीठ घातलं होतं, नंतर त्यांच्या मुलीनेही घातलं होतं. दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर खाला आल्या.

"भाऊ, चाखलं होतं ना?"

"हो."

त्या माझ्या खांद्यावरून मोरीकडे बघत होत्या. जाळीवर चार हरभरे अडकलेले होते.

"मुलाची आई विचारत होती," त्या म्हणाल्या, "पोरीला रांधता येतं की नाही." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने धुळ्याला गेलो. मुलाच्या आईला सगळं सांगितलं. चूक मुलीची नाही, माझी आहे, हेही सांगितलं.

"मुलीच्या आईने पाठवलं तुम्हाला?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"न चाखता बरोबर आहे म्हणालात. मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून मानू? शेवटी तुम्ही त्यांचेच भाडेकरू."

माझ्याकडे पुरावा नव्हता.

ईदनंतर चौथ्या दिवशी धुळ्याहून निरोप आला. मुलगी पसंत नव्हती. कारण कळवलेलं नव्हतं.