बशीरची तीन मिनिटं

बशीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरवर होतो, आणि फोन ठेवल्यावरही लगेच खाली उतरलो नाही. सकाळचे दहा वाजले असतील. विहिरीकडच्या वावरात रोटाव्हेटर चालू होता. फोनवर त्याचा मुलगा सलीम होता. "काका, अब्बा गेले... नाश्ता करून बसले हुते, बसल्या जागीच..." मी रोटाव्हेटर उचलला, गिअर काढला, इंजिन हळू केलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसलो. एक मिनिट... दोन... तीन. मग किल्ली फिरवली आणि पळत सुटलो. जिवाभावाचा दोस्त गेलाय आणि हा बाबा इंजिन गार व्हायची वाट बघतोय, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. बांध ओलांडताना मला स्वतःलाही तसंच वाटलं. पण ती तीन मिनिटांची सवय मला बशीरनंच लावली होती. ती मला उशिरा लागली, आणि त्या उशिरापायी त्याचं नाव गेलं. ते कसं गेलं हे आज सांगायचं आहे.

बशीर आणि मी तिसगावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. सातवीनंतर तो नगरला एका उस्तादाच्या हाताखाली डिझेल इंजिनाचं काम शिकायला गेला आणि मी वडिलांच्या मागं शेतात. परत आला तो मिस्तरी होऊनच. पाथर्डी रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं आणि तीसेक वर्षं तिथून हलला नाही. त्याची जीभ तिखट होती. एअर फिल्टर टायरवर आपटून साफ करणारा माणूस दिसला, की तो पाना खाली ठेवून त्याला शिव्या घालायला जायचा. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून डिझेल फवारणारा कुठला नोझल खराब आहे हे सांगायचा आणि बरोबर निघालं की दिवसभर खूश असायचा. मला मात्र कधी खूश होऊन बोलला नाही. "दिगू, तुला इंजिनातलं काय बी कळत न्हाई, पन तुला वाटतं की कळतं," हे त्याचं माझ्याबद्दलचं मत शाळेपासून होतं. ते खरं होतं, म्हणूनच मला झोंबायचं.

जुना ट्रॅक्टर दमला तेव्हा नवा घ्यायचं ठरलं. भाड्यानं रोटाव्हेटर मारायचा आणि कांद्याची भरली ट्रॉली करंजीचा घाट चढवून नगरच्या मार्केटला न्यायची, असा माझा बेत. कंपनीचा माणूस टर्बो इंजिनाचे गोडवे गाऊन गेला आणि मी बशीरकडे त्याची खातरजमा करायला गेलो. त्यानं चहाचा कप उलटा घातला आणि बशीवर बोटानं रेघा मारत समजावून सांगितलं. "हे बघ, सायलेन्सरमधनं जो धूर जातो त्याच्यात लई जोर असतो. तो वाया जातो. टर्बो म्हंजी त्या धुरावर फिरनारा पंखा. तो जादा हवा इंजिनात कोंबतो. मंग लहान इंजिन मोठ्यावानी वडतं, धूर कमी, घाटात दम न्हाई सोडीत. घाट चढायचा आसंल तर ह्याच्यासारखी चीज न्हाई." मी खुलून गेलो. तेवढ्यात त्यानं बशी बाजूला सारली. "आता वंगाळ ऐक. आपल्याकडं धूळ किती... फिल्टर रोजच्या रोज बघावा लागंल. ऑइल भारीचंच लागंल. आन् सगळ्यात मोठी गोष्ट, तो पंखा ऑइलवर तरंगत आसतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, पन पंखा तापलेला आसतो, फिरत आसतो. तवा तीन मिनिटं हळू चालू ठिवायचं, मंग किल्ली. तुझ्याच्यानं हुनार हाय का हे? न्हाई तर साधं इंजिन घे. ते तुझ्यासारख्याला बी सांभाळून घेतं."

'तुझ्यासारख्याला' हा शब्द मला लागला. मी टर्बोच घेतला.

पहिल्या दिवशी बशीर स्वतः घाटात सोबत आला. भरल्या ट्रॉलीनं शेवटची चढण गिअर न बदलता पार केली, तेव्हा मडगार्डवर बसलेला हा पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा ओरडला. वर आल्यावर त्यानं मला किल्लीला हात लावू दिला नाही. खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला, आत कुणी आजारी माणूस झोपलंय अशा बेतानं, आणि तीन मिनिटांनी मान हलवली. त्या टर्बोच्या नादानं तो पुन्हा नगरला जाऊन आठ-पंधरा दिवस नवं काम शिकून आला. शेडच्या मागं एक खोली बांधली, फरशी घातली, खिडकीला काच लावली, दाराला पडदा टाकला. टर्बो उघडायचा तर धुळीचा कण चालत नाही, म्हणून चप्पल बाहेर काढून तो त्या खोलीत शिरायचा. आसपासच्या गावांतले टर्बोवाले त्याच्याकडे यायला लागले होते.

आणि मी काय करत होतो? आमच्या वडिलांची शिकवण होती, उभ्या इंजिनाला डिझेल पाजायचं नाही. गाडी थांबली की किल्ली फिरली पाहिजे. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याचा हात तसाच वळलेला. घाट चढून वर आलं की चहाच्या टपरीसमोर ट्रॅक्टर लावायचा आणि उतरायच्या आधी बंद करायचा. इंजिन लालबुंद तापलेलं, आणि मी गार सावलीत चहा पीत बसलेलो. पहिले आठ दिवस तीन मिनिटं पाळली. पुढं ती मला बशीरचं खूळ वाटायला लागली. दोन वर्षं मी त्या टर्बोला असाच भाजत होतो.

दुसरं वर्ष सरताना बशीरनं ऑइल बदलून दिलं आणि पुढच्याच आठवड्यात घाटात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला, मागं निळा धूर आणि ओढच संपली. दोरानं ओढत ट्रॅक्टर त्याच्या शेडपुढं आणला. तिथं सात-आठ माणसं बसलेली होती. माझं टाळकं फिरलेलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बशीर, कसलं ऑइल घातलंस रे? नकली?" त्यानं टर्बो इंजिनावरून काढला आणि मागच्या खोलीत नेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात टर्बोचा शाफ्ट होता, म्हणजे पंख्याचा दांडा, करंगळीएवढा, आणि मधोमध निळा-काळा जळलेला. त्यानं शांतपणे विचारलं, "दिगू, घाटावर थांबल्यावर किती वेळ चालू ठिवतू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तू सांगितलं तेवढा. तीन मिनिटं. रोज."

बशीरनं माझ्याकडे पाहिलं... ते पाहणं मला अजून दिसतं. त्याला शाफ्टवरून सगळं कळलं होतं. ऑइल थांबून जळलेला शाफ्ट कसा दिसतो, हे तो तिथल्या तिथं सगळ्यांना दाखवू शकला असता. मी खोटारडा ठरलो असतो आणि तेवढ्यावर भागलं असतं. पण तो म्हणाला, "बरं. ऑइल माझंच हुतं." आणि शाफ्ट फडक्यात गुंडाळून आत गेला.

त्या एका वाक्यानं त्याचं काम संपलं. लोकांनी ती नकली ऑइलाची कबुलीच धरली. टर्बोवाले नगरला जायला लागले. बशीरकडे जुनी इंजिनं, पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप राहिले. मागच्या खोलीत वहिनी शेळ्यांचा भुसा ठेवायला लागल्या. माझा ट्रॅक्टर मात्र तोच दुरुस्त करायचा, कारण मी दुसरीकडे जायचो नाही. लोक म्हणायचे, दिगंबर मोठ्या मनाचा, एवढं नुकसान होऊनही दोस्ताला सोडलं नाही. ते ऐकून मी गप्प बसायचो. त्या काळातल्या माझ्या गप्प बसण्याची मला किळस येते.

शेवटची भेट घाटावरच झाली. नगरला दवाखान्यात दाखवायला निघालेला तो, एसटी चुकली म्हणून माझ्या ट्रॉलीबरोबर टपरीपर्यंत आला, तिथून पुढं जीप धरणार होता. मी इंजिन हळू करून घड्याळ बघत बसलो. तो म्हणाला, "आता शिकलास." एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, हे जास्त वाईट होतं. तोंडाशी आलं होतं सगळं. मी म्हणालो, "चहा घे."

तो वारल्यावर शेडमध्ये माणसं बसायला येत होती. मीही रोज जात होतो. कुणीतरी म्हणालं, "मानूस लई चांगला, पन त्या टर्बोच्या कामात त्याचा हात काय बसला न्हाई." माना हलल्या. मी हातातल्या कपात बघत राहिलो. बशीर जिवंत असताना खरं न बोलायला भीती हे कारण तरी होतं, आता कशानं अडलो ते मला सांगता येणार नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सलीमनं मला मागच्या खोलीत नेलं. तो कोल्हारला शाळेत शिकवतो, इंजिनातलं त्याला कळत नाही. भुशाच्या पोत्यांमागच्या फळीवरून त्यानं एक पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यात तो शाफ्ट होता, तेल लावून ठेवलेला, जराही गंज नाही. वर बशीरच्या अक्षरातली चिठ्ठी: 'दिगूचा. घाट.' सलीमनं विचारलं, "हे काय हाय, काका? अब्बांनी तुमच्यासाठी एवढं जपून का ठिवलं?"

मी भुशाच्या पोत्यावर बसलो आणि सांगितलं. घाट, टपरी, किल्ली, सात-आठ माणसांपुढं मारलेली थाप, सगळं. सलीमनं शाफ्ट पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग म्हणाला, "अब्बांना म्हाईत हुतं?"

"व्हय. पहिल्या दिवसापास्नं."

"आन् तुमी चाळीस दिवस आमच्यात बसून चहा पेलात..."

मी तो डबा घेऊन घरी आलो. हा लेख त्याला विचारून लिहिला आहे. "लिहा, पन तुमचं नाव घालून," एवढीच त्याची अट होती. ज्यांनी त्या दिवशी शेडपुढं बसून माझं खोटं ऐकलं, त्यांनी हे वाचावं. ऑइल चांगलं होतं. बशीरचा हात चांगला बसलेला होता. टर्बो मी जाळला.

शाफ्ट आता माझ्या घरात ट्रॅक्टरच्या किल्लीशेजारी खुंटीला टांगलेला आहे. संध्याकाळी दारात ट्रॅक्टर लावतो, इंजिन हळू करतो आणि तीन मिनिटं बसून राहतो. बॉनेटवर बशीर जिथं हात ठेवून उभा राहायचा ती जागा समोरच असते. तिथं हात ठेवून बघावा असं रोज वाटतं. अजून ठेवलेला नाही.