ओढ्याकाठची शेवळं

पनवेलच्या बाजारात पावसाच्या तोंडावर डोंगरपाड्यावरच्या एक मावशी शेवळं ही रानभाजी विकायला बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. जमिनीतून वर आलेल्या त्या जांभळट कोंबांची जुडी बांधली की त्या तिच्यावरून हलकेच हात फिरवतात. भाजीने घसा खाजू नये म्हणून मूठभर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळंही देतात.

गेल्या वर्षी त्यांच्या डोंगरावर खडीची खाण आली. पाऊसही हल्ली मे महिन्यातच येतो आणि गडप होतो, मग उघड्यावरचे कोंब सुकतात. म्हणून मावशींनी शेवळांचे कंद खणून ओढ्याकाठच्या सावलीत नेऊन लावले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मी काळजीने म्हणालो, "मावशी, हलवलेले कंद जगतीलच असं नाही."

"मग जेसीबीच्या तोंडात देऊ? मास्तर, तुमी पुस्तकाला इचारून या. तोवर मी लावते."

यंदा त्यांच्यापुढे चारच जुड्या दिसल्या. मी घाईने विचारलं,

"कंद गेले का हो?"

"नाय ओ, सगले वर आलेत."

"मग काढले नाहीत?"

"लगेच कापायची नाय. आदी त्यांना जागा आपली वाटू दे."

मला इतका आनंद झाला, की मी लगेच विचारलं, "माझ्या विद्यार्थ्यांना बघायला आणू?"

"आना की. पन चपला ओढ्याच्या अलीकडं काढा. कोंब लय कवले हायत."