सूर्यमाळच्या दोन पिशव्या

मातीच्या नमुन्याला नंबर असतो, पिशवी असते, कपाटात जागा असते. किश्श्यांचं तसं काही नाही. ते जीपच्या मागच्या सीटवर, फावड्याशेजारी साठत जातात. घाटात कुणी एक काढला की बाकीचे आपोआप बाहेर येतात.

मी जामसरचा. शाळा नववीत सुटली. गेली दोन वर्षं विद्यापीठातल्या मातीच्या मॅडमबरोबर जव्हार-मोखाडा फिरतोय. मॅडम दोन्ही तालुक्यांतल्या जमिनीच्या सुपीकतेचा नकाशा करतायत. नकाशावर चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनातून अर्धा किलो माती. मी खणतो, मिसळतो, चिठ्ठी लिहितो. पेरणीच्या आत सगळे चौकोन भरले तर ठीक, नाहीतर अख्खं वर्ष वाया! हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

*

दाभोसा. कुठे खणायचं ते मॅडमच्या मोबाईलवरचा ठिपका सांगतो. त्या दिवशी ठिपका सरळ एका घरात शिरला आणि चुलीवर जाऊन थांबला. चुलीपुढे एक बाई नागलीच्या भाकऱ्या थापत होती. मॅडम म्हणाल्या, "ताई, आमचा ठिपका तुमच्या चुलीवर येतोय."

बाईनं भाकर उलटली. "खणा की. पण ह्या चार होऊ द्या!"

ठिपका शेतात सरकवला. चारातल्या दोन आम्हीच खाल्ल्या.

*

जामसरला माझ्या मामाला आधीच निरोप दिला होता, माती काढून ठेव म्हणून. मामानं तेलाचा डबा भरून ठेवला. काळी, भुसभुशीत, एक खडा नाही. तपासणीत पालाश, म्हणजे पोटॅश, इतकं निघालं की मॅडम खुश होऊन परत जामसरला आल्या.

मामानं जागा दाखवली. राबाची! भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण जाळतात ना, तिथली राख मिसळलेली माती. वर ती चाळून दिलेली.

"अहो, शेतातली द्यायची होती!" मॅडमनी डोक्याला हात लावला.

मामा म्हणाला, "पोरगी बघायला येतात तवा तिला चिखलाच्या लुगड्यात बसवता काय, बाई?"

*

एका काकांना तपासणीचा कागद दिला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"पास का नापास?"

"तसं नसतं काका. नत्र कमी आहे, एवढंच."

"बाजूवाल्याचा?"

"त्यांचंही कमीच आहे."

"मंग काय हरकत नाय!" काकांनी कागद खिशात घातला.

*

आता सूर्यमाळचं. हे माझ्या चुकीचं आहे, म्हणून मी सहसा सांगत नाही.

उन्हाळ्यात तिथं प्यायलाच पाणी नसतं, मागायचं कसं? म्हणून आम्ही कॅन भरून नेतो. उतरणीला कॅनचं झाकण निघालं आणि पाणी पिशव्यांवर सांडलं. मॅडमनी चिठ्ठ्या पेन्सिलनं लिहायला सांगितल्या होत्या. मी दोन चिठ्ठ्या जेल पेननं लिहिल्या होत्या. अक्षर छान दिसतं म्हणून! नेमक्या त्याच पुसल्या गेल्या. दोन्ही पिशव्यांत लाल माती. एक ठकीआजीच्या भातखाचरातली, दुसरी टेकडीपलीकडची.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "बाकी सगळा नकाशा भरलाय रे."

पलीकडच्या शेताचा मालक कामाला ठाण्याला गेलेला, शेतात शेणखत पडलेलं. तिथली माती आता चालणार नव्हती. राहिली ठकीआजी. तिची नवी माती तपासून पिशव्यांशी ताडली, तर दोन्ही ओळखू आल्या असत्या. पण ती बांधावर आडवी उभी राहिली.

"एकदा नेली ना? आता नाय. ही माती मी नि माझ्या म्हाताऱ्यानं ओहोळातून टोपलीनं वाहिली. उतारावर नुसता दगड होता. तुमी पिशव्या भरभरून न्या, मी परत कवा वाहू?"

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पयली परत आण, मंग दुसरी बोल."

चार दिवसांनी आम्ही दोन्ही पिशव्या घेऊन गेलो. कुठली तिची, ते सांगता येईना, म्हणून मॅडमनी खरं काय ते सांगून टाकलं.

आजीनं बोटं ओली केली. पहिल्या पिशवीतली चिमूट चोळली, झटकली. दुसरीतली चोळली. "ही माजी."

मॅडम पिशव्या घेऊन जीपमागे गेल्या, अदलाबदल करून आल्या. आजीनं चोळलं. "ही." परत जीपमागे. "ही." तिसऱ्यांदा मॅडम वळल्या तशी आजी माझ्या कानाशी आली.

"काय रं, तुजी बाई बरी हाये ना?"

तिसऱ्यांदाही तीच पिशवी!

"मग आता नवी काढू ना, आजी?" मी खोरं उचललं.

"नवी कशाला? सापडली ना तुमची!"

आजीनं त्याच पिशवीतून दोन ओंजळी काढल्या, खाचराच्या कोपऱ्यात नेऊन टाकल्या, पायानं सारख्या केल्या. उरलेली मॅडमच्या हातात दिली. "येवढी पुरं."

मॅडम जीपच्या पायरीवर बसल्या. नोंदवही उघडली. नंबर लिहिला, गाव लिहिलं. पुढचा रकाना होता – नमुन्याची ओळख कशी पटवली? तिथं त्यांनी लिहिलं, "शेतमालकीणबाईंनी हात लावून सांगितले," आणि खाली सही केली.