कागदावरचा स्टोअरकीपर

चारुदत्त बेंद्रेला अमेरिकन फुटबॉलचा कोच मी होऊ दिला आणि त्यातून त्याला उठवलाही मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

२००३ साली तो पुण्याहून आमच्या कंपनीत आला तो स्टोअरकीपर म्हणून. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमचं खेळाच्या सामानाचं गोदाम होतं आणि संध्याकाळी अल बर्शाच्या मैदानावर मुलांचे क्लास चालायचे. मी ऑफिसात व्हिसाची कागदपत्रं बघायचो. चारू हेल्मेटं आणि पॅड पिकअपमधून मैदानावर न्यायचा. हा खेळ तरी कसला! नाव फुटबॉल आणि चेंडू बगलेत मारून पळायचं. पण पळणाऱ्याला कमरेत धरून पाडायचं असतं हे पाहिलं आणि चारू खुलला. गडी कॉलेजात कबड्डीत पकडी करायचा, शारीरिक शिक्षणाची पदवीही होती. अमेरिकन कोचच्या हाताखाली राबता राबता सगळं शिकला आणि २००५ मध्ये कोच मायदेशी गेल्यावर टीम त्याच्याकडेच आली. दोनदा लीग जिंकली. साठ मुलं त्याला ‘कोच चारू’ म्हणायची, त्यांच्या आया केक आणायच्या. अजमानच्या दोन खोल्यांत प्रमिलावहिनी ते केक शेजारीपाजारी वाटून दमायच्या.

व्हिसावर मात्र तो स्टोअरकीपरच राहिला. ही इथल्या आपल्या लोकांची जुनी खोड. इंजिनिअर क्लार्कच्या व्हिसावर, अकाउंटंट सेल्समनच्या. २००६ला रिन्यूअलच्या वेळी चारू म्हणाला होता, "विष्णूराव, या वेळी प्रोफेशन चेंज करून घेऊया का?" त्यासाठी डिग्री इंडियातून अटेस्ट करून आणायची, म्हणजे महिना-दोन महिने गेले.

"सीझन सोडून जाणारेस? राहू दे रे," मी म्हणालो. "हात दाखवून अवलक्षण कशाला? काम तर कोचचंच करतोयस ना?"

त्यालाही ते पटलं.

२००८च्या शेवटी मंदी आली. बांधकामं थांबली, अमेरिकन कुटुंबं भराभर परत गेली, साठ मुलांची अकरा झाली. फेब्रुवारीत कंपनीनं क्लास बंद केले आणि चारूचा व्हिसा कॅन्सल केला. देश सोडायला तीस दिवस. त्याची मुलगी अवनी तेव्हा दहावीला होती.

तशात अबू धाबीच्या एका शाळेला याच खेळाचा कोच हवा होता. चारूनं चाचणीला तासभर मुलं खेळवली, प्रिन्सिपलबाई खूश झाल्या. फक्त एक्स्पीरियन्स लेटर आणा, म्हणाल्या. घोडं तिथंच पेंड खायला लागलं. अवनी म्हणाली, "बाबा, जस्ट शो देम द ट्रॉफीज!" पण ट्रॉफ्यांवर कंपनीचं नाव होतं, कोचचं नव्हतं.

आमचे मॅनेजर रफिकभाई ऐकेनात. "कोच लिखा तो पूछेंगे, स्टोअरकीपर के व्हिसा पे कोचिंग कैसे करवाया? जो व्हिसा में है, वही लिखो. खलास." एवढं बोलून ते सुट्टीवर लखनौला गेले. लेटरहेड, शिक्का, सहीचा अधिकार, सगळं माझ्या टेबलावर राहिलं.

चारू समोर येऊन बसला. नऊ दिवस उरले होते.

"विष्णूराव, एक शब्द लिहा. फक्त एक. मी पाया पडतो तुमच्या."

आणि खरंच वाकला. माझ्याहून दसपट चांगला माणूस! त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या सात जणांना काढलं होतं. माझा मुलगा शौर्य इथल्याच शाळेत, माझाही व्हिसा याच कंपनीचा. मी भ्यालो. कारणं पुष्कळ देता येतील, पण मी भ्यालो एवढंच खरं. ‘स्टोअरकीपर, कामात चोख’ असं इंग्रजीत लिहिलं आणि शिक्का मारला.

या पत्रावर कोच म्हणून घेता येणार नाही, असं शाळेनं सांगितलं. मात्र त्यांना क्रीडा विभागाला स्टोअरकीपरही हवा होता. चारूनं खाली मान घालून होकार दिला. दुसरं काय करणार होता?

२०१०मध्ये मी त्याला भेटायला गेलो. स्टोअरची खिडकी थेट मैदानावर उघडायची. तिथून तो हेल्मेटं द्यायचा. नवा कोच पंचविशीतला पोरगेला माणूस होता. त्याच्यासमोर एक किडकिडीत मुलगा डोकं खाली घालून, बोकडासारखा दुसऱ्यावर धडकला. चारूचा चेहरा पांढराफटक पडला.

"अशानं मान मोडेल त्याची!" तो खिडकीतून अर्धा बाहेर झुकला. "हेड अप! बेटा, हेड अप!"

कोचनं वळून रागानं पाहिलं.

"दोन वॉर्निंग लेटर मिळालीत मला," चारू हळूच म्हणाला. "कोचिंग माझ्या जॉबमध्ये नाही म्हणे. तिसरं आलं की टर्मिनेशन." तो मुलगा पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला होता.

"सांगा ना विष्णूराव, काय करू मी?"

मी म्हणालो, "चारू, खिडकी लाव."

त्यानं लावली.