तिच्या करंगळीची जागा

सरोजा गेली त्या दुपारी अड्यारच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मीच होतो. श्वास घशात अडकून घरघरत होता. मी खुर्ची डोक्याकडे ओढली, डाव्या हाताची करंगळी तिच्या कानाखाली, जबड्याच्या हाडामागे घातली आणि जबडा पुढं उचलला. घरघर कमी झाली. नर्स बघतच राहिली. "तात्ता," आजोबा म्हणायची ती मला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" म्हटलं, "हिनंच."

मी पाचवी शिकलेला, मद्रासला गिंडीच्या कारखान्यातला फिटर. बायको डॉक्टर. लोक विचारत, जोडी जमली कशी? मामाची मुलगी, लहानपणीच ठरलेली. मी शाळा सोडली, तिनं सोडली नाही, एवढंच. साठ सालाच्या आगेमागे ती भूल द्यायला शिकू लागली. तेव्हा यंत्रं कमी. तोंडावर तारेचा मास्क, त्यावर कापड, कापडावर ईथरचे थेंब. डाव्या हातानं मास्क धरायचा आणि त्याच हाताच्या करंगळीनं जबडा उचलून ठेवायचा, नाहीतर जीभ मागं पडून माणूस गुदमरतो. हिचे हात बारके. मोठे डॉक्टर म्हणाले, "या हातात जबडा टिकत नाही. महिनाअखेर जमलं नाही तर दुसरा विभाग बघ."

मग काय, घरात माझा जबडा होताच. कामावरून आलो की हुकूम, "अहो, आडवे व्हा." तोंडावर पंच्याची घडी, हाडामागे करंगळी. तिकडं सांबार गार. "अगं, भूक लागलीय," मी म्हणायचो. "बोलू नका. बेशुद्ध माणूस बोलत नाही."

महिना संपायच्या आत माझा उजवा हात कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. कारखान्यातल्यांनी नेलं ते नेमकं तिच्याच हॉस्पिटलात. टेबलावर घेतलं तर उशाशी ती उभी. मोठे डॉक्टर म्हणाले, "नवरा आहे तुझा, हात थरथरेल. बाजूला हो." तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सार, या जबड्यावरच शिकलीय ती. दुसऱ्याचा हात नको." ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. तो गोडसर उग्र वास, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं. लाथा झाडल्या म्हणे मी. शेवटचं ऐकलं ते तिचं, "श्वास घ्या... ऐका माझं, श्वास घ्या."

पुढचं तिथल्या सिस्टरनं सांगितलं, सरोजानं कधीच नाही. मध्येच माझी छाती नुसतीच हलू लागली, हवा आत जाईना. ओठ निळे पडले. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढं केला. मान न वळवता ही म्हणाली, "थांबा सर." करंगळी जराशी मागं सरकवली आणि होता नव्हता तो जोर लावला. कुणी हललं नाही... मग घोरल्यासारखा एक श्वास आला. त्यामागून दुसरा.

शुद्धीवर आलो तर दोन बोटं गेली होती, आणि ठणकत होता जबडा. "मोडलास की काय गं?"

"मोडला असता तरी सोडला नसता," म्हणाली, आणि स्वतःची आखडलेली, सरळ न होणारी बोटं पदराखाली लपवली. दुसऱ्या विभागाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

अड्यारला मीही सोडला नव्हता. श्वास थांबला तरी धरून बसलो होतो. नर्सनंच माझी बोटं हळूहळू सोडवली...

आता सकाळी दाढीला बसलो की डाव्या कानाखाली वस्तरा आपोआप थांबतो. तिथं बोट ठेवतो. श्वास घेतो. तिनं सांगितलंय.